अर्थ नीट लाव

२ मार्च

ती. आक्का,

नमस्कार. गाडी सुरू होत नाही.

हे वाचून तू हसणार हे मला ठाऊक आहे, म्हणून ते पहिल्याच ओळीत उरकून टाकलं. आता पुढचं शांतपणे वाच. मी सल्ला मागत नाहीये, केवळ माहितीसाठी कळवतोय.

गेले काही दिवस गाडी सकाळी कुरकुर करून सुरू व्हायची. तुझ्या भावजयीचं म्हणणं, मेकॅनिकला बोलवा. मेकॅनिक कोण, तर ज्याच्या पाटीवर ‘येथे सर्व गाड्या दुरूस्त करून मिळतिल’ असं लिहिलेलं आहे तो. एका ओळीत दोन चुका! ज्याला स्वतःची पाटी दुरुस्त करता येत नाही, त्याच्या हाती मी गाडी देऊ? मोबाइलवर हल्ली सगळं शिकायला मिळतं. मी पाहिलं, टिपणं काढली, नवी बॅटरी आणली आणि स्वतःच्या हाताने बसवली. लाल ते लाल, काळं ते काळं. यात अवघड ते काय? जाता जाता किरकोळ साफसफाईही केली. सगळं होतं तसं जोडलं आणि एकही स्क्रू उरला नाही, याची नोंद घे. मग तुझ्या भावजयीने आत बसून किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून आवाज आला, टक. पुढे काही नाही.

एरवी मी दम धरला असता. पण महिनाअखेरीस चिरंजीव येताहेत. बस बंद झाल्यापासून इथून बाजार, दवाखाना, तुझ्या भावजयीचं रोपवाटिकेतलं काम, सगळं त्या गाडीवर चालतं. आणि चिरंजीवांनी फोनवर ऐकवलं, “बाबा, तुम्हा दोघांना एक गाडी सांभाळता येत नाही, घर काय सांभाळणार? मी येईपर्यंत सुरू झाली तर राहा तिथे. नाहीतर सामान बांधा आणि माझ्याकडे चला.” त्याच्याकडे म्हणजे बाराव्या मजल्यावर. तिथून माणसं साबुदाण्याएवढी दिसतात. मला तिथे जायचं नाही. तुझ्या भावजयीला तर मुळीच नाही.

तेव्हा टक म्हणजे काय, एवढंच कळव.

तुझा भाऊ

ता. क. मागच्या पत्रात तू ‘आशिर्वाद’ लिहिलं होतंस. ‘शी’ दीर्घ.

*

६ मार्च

चि. अनुस्वारास,

आशिर्वाद. शि मुद्दाम ऱ्हस्व ठेवलाय. तुझ्या लायकीला तेवढाच पुरे.

लहानपणी आम्ही तुला अनुस्वार म्हणायला लागलो ते काही उगाच नाही. आकाराने टिंब, पण बसणार कायम दुसऱ्याच्या डोक्यावर. आता गाडीच्या डोक्यावर बसलास. ज्याला चालवता येत नाही त्याने दुरुस्तीला हात घातला, धन्य आहे! आणि मेकॅनिक नको का, तर त्याची वेलांटी चुकली. उद्या पोट दुखलं तर डॉक्टरचं अक्षर बघून मग दाखवशील वाटतं. डॉक्टरचं अक्षर बघितलंस तर मरशीलच बाबा तू.

मी शाळेची गाडी चालवली ती केस पांढरे होईपर्यंत. मला कोणी शिकवलं? गाडी रस्त्यात बंद पडली की मागे बसलेली पोरं बोंब ठोकायची, त्या बोंबेने शिकवलं. बॉनेट उघडायचं, कान द्यायचा. प्रत्येक दुखण्याची बोली वेगळी असते. पण आता कान गेले. फोन करू नकोस, तू ओरडतोस, मी हो हो म्हणते, आणि मागाहून लेक विचारते, “आई, कशाला हो म्हणालीस?” तेव्हा यापुढे मला कानाचं काम डोळ्यांनी करायचं आहे. आवाज जसा आला तसा लिहायचा. स्वतःची अक्कल त्यात मिसळायची नाही.

एकच टक आला म्हणतोस. मग स्टार्टर अडकला असेल. स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देते ती मोटर. इंजिनाच्या कुशीत असते, नळकांड्यासारखी. कोणाला तरी किल्ली धरून बसव आणि लाकडी दांड्याने तिच्या पाठीवर हलकेच ठोक. हलकेच. तू प्रुफं तपासताना एखाद्या लेखकाला ठोकतोस तसं नाही.

पण काहीही करायच्या आधी अर्थ नीट लाव. अर्थ नीट लागला नसेल तर बाकीचं सगळं वाया. शिकलेल्या माणसांचं नेमकं तिथेच चुकतं.

आक्का

*

१० मार्च

ती. आक्का,

नमस्कार. तुझ्या पत्रातल्या सात चुका सोडून देतो, कारण माझं मन मोठं आहे.

दांड्याने ठोकलं. हलकेच ठोकलं, मग मध्यम, मग तुझी भावजय आतून ओरडली, “अहो, धुणं धोपटताय का?” म्हणून थांबलो. गाडीचं उत्तर तेच. टक.

अर्थाचं म्हणशील, तर तो मी पहिल्याच दिवशी नीट लावला. त्याबद्दल मला कोणी शिकवायची गरज नाही, उभा जन्म छापखान्यात त्याच कामात गेला. तरी तू म्हणालीस म्हणून पुन्हा तपासला. चोख आहे. हा विषय आता संपला.

आता एक चमत्कार सांगतो. शेजारी दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी आपली गाडी आमच्या गाडीला नाक लावून उभी केली आणि दोन जाड केबली काढल्या. लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या लालला लावला, इथवर ठीक. पण काळा चिमटा बॅटरीच्या काळ्याला लावायचा सोडून त्यांनी भलतीकडेच, इंजिनाच्या एका उघड्या लोखंडी कडीला अडकवला. मी चूक दाखवली. ते म्हणाले, “असंच करतात, काका.” दात काढणारा माणूस, कुठे काय पकडेल याचा भरवसा नाही! पण आक्का, गाडी एका झटक्यात सुरू झाली. तुझ्या भावजयीने गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. मी फाटकापाशी उभा राहून हात हलवला. डॉक्टरांनी चिमटे काढले, हिने गाडी बंद केली, पुन्हा किल्ली फिरवली, आणि टक.

यावरून नवी बॅटरीच नासकी आहे असा निष्कर्ष काढून मी ती दुकानात परत नेली. दुकानदाराने मीटर लावला आणि म्हणाला, “बॅटरी घोड्यासारखी आहे हो. दोष दुसरीकडे बघा.” दुसरीकडे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता.

चिरंजीवांनी त्यांच्याकडच्या खोलीची मापं पाठवली आहेत. आपलं मोठं कपाट तिथे मावत नाही म्हणे. “ते देऊन टाका कोणाला तरी.” आम्ही दोघं मावतो, कपाट मावत नाही. तुझी भावजय काल त्या कपाटापुढे खुर्ची घेऊन नुसती बसली होती.

पुढे काय करू?

तुझा भाऊ

*

१४ मार्च

चि. अनुस्वारास,

आशिर्वाद, शिल्लक होता तेवढा.

अर्थात उभा जन्म गेला म्हणे! छापखान्यात मला वाटायचं तू टिंबं मोजायचास. तिथल्या यंत्रांना अर्थ देण्याचं कामही तुझ्याकडे होतं, हे आज कळलं. असो, लावलायस आणि तपासलायस म्हणतोस तर मानते. सख्ख्या भावावर कुठवर अविश्वास दाखवायचा!

पण तू मला पार घोळात घातलंस. डॉक्टरच्या चिमट्याने गाडी झटक्यात सुरू झाली, ही गोष्ट एकाच दिशेला बोट दाखवते. आणि त्याच दिशेला तू पाटी लावून बसलायस, ‘इकडे सगळं चोख आहे.’ शिवाय टक एकच. दोष तिकडे असता तर एकच टक आला नसता. म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं काहीतरी आपलं चाललंय, पण यातली म्हैस कोण ते मला उमगेना. कान असते तर फोनवर ऐकून सांगितलं असतं. लेक म्हणते, “आई, तुला आता आठवत नाही, कशाला लोकांच्या गाड्या बिघडवतेस?” तुझ्यामुळे मला हे ऐकून घ्यावं लागलं, हे लक्षात ठेव.

आता उरला स्टार्टर. तो उतरवून मोटारीचं वाइंडिंग भरणाऱ्याकडे ने आणि बाहेरच्या बाहेर फिरवून बघायला सांग. उतरवायच्या आधी बॅटरीची काळी तार सोड, नाहीतर ठिणगी उडून तुझ्या मिशा जातील आणि चेहऱ्यावर बघण्यासारखं काही उरणार नाही.

आणि कपाटाचं म्हणशील तर ऐक. मी लेकीकडे आले तेव्हा माझी गाडी विकली. सगळे म्हणाले, आता तुला जायचंय कुठे? खरंच आहे, कुठे जायचंय! इथे सगळं हातात मिळतं. भाजीसुद्धा आणलेली मिळते. कुठली आणू, हे मात्र कोणी विचारत नाही. तेव्हा घाई कर, टिंबा.

आक्का

*

१९ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार. हे पत्र यांना न सांगता लिहितेय. दुपारी हे झोपलेत, बोटांना पट्ट्या बांधून. स्टार्टर उतरवताना चारही बोटं सोलली. मोटारी भरणाऱ्याने तो तारेला लावून फिरवला, भिंगरीसारखा फिरला. तो हसला आणि म्हणाला, “याला कशाला आणलंत? हा तर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे.” तेव्हापासून तो स्टार्टर आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. पाहुण्यासारखा. मी ताटं मांडताना त्याला वळसा घालते.

वन्सं, गाडी मी चालवते. हे चालवत नाहीत, शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या दुरुस्त करतात. इतकी वर्षं मला त्याचा राग यायचा. आता पायी चालत रोपवाटिकेत जायला निघते, अर्ध्या वाटेत दम लागून परत येते, आणि शेजारी पाट्या वाचणारं कोणी नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. मालक म्हणाले, “महिनाभर वाट बघतो, मग दुसरी बाई ठेवतो. तुमच्यासारखं कलम बांधणारी मिळायची नाही, पण ठेवावी तर लागेल.” मुलगा म्हणतो, “आई, माझ्या गॅलरीत चार कुंड्या ठेव ना.” आंब्याचं कलम बांधणाऱ्या हातांना तो कोथिंबीर देतोय.

म्हणून तीन गोष्टी सांगते. यांना लिहू नका मी सांगितलं म्हणून.

पहिली. आवाज एकदाच टक असा येत नाही. किल्ली धरून ठेवली की टक्‌टक्‌टक्‌टक्‌टक्‌टक्‌ असा येतो, भराभर, कोणी घाईत टाइप करावं तसा, आणि समोरचे दिवे मिणमिणतात. मी यांना म्हटलं, तुम्ही वन्संना एकच टक का लिहिलात? तर म्हणाले, “पुनरुक्ती टाळली.”

दुसरी. किरकोळ साफसफाई म्हणजे काय केलंय ते तुम्हाला ठाऊक नसेल. बॅटरीखालचा पत्रा गंजला होता, तो घासला आणि फाटकाचा उरलेला हिरवा रंग त्यावर दोन हात मारला. बॅटरीखाली, बाजूला, बोल्टांच्या खाली, हात पोचेल तिथवर. बॉनेट उघडलं की बाग दिसते. मी विचारलं तर म्हणाले, “आतून नीटनेटकं असावं माणसाने.”

तिसरी गोष्ट मला नीट कळत नाही, पण सांगून ठेवते. तुम्ही अर्थ नीट लाव असं लिहिलंत, त्यावर हे संध्याकाळभर फणफणत होते. “आक्का मला वाचायला शिकवतेय! मी तिच्या पत्राचा अर्थ लावू शकत नाही असं वाटतं का तिला?” मग चष्मा लावून तुमचं पत्र मला मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, “लागला ना अर्थ? झालं!” पण वन्सं, तुम्ही टोमणा आडून कधी मारत नाही, समोरून मारता. म्हणून मला वाटतंय की तुम्हाला वेगळंच काही म्हणायचं असेल.

तुमची,
भावजय

*

२२ मार्च

अनुस्वारा,

आशीर्वाद. घे, दीर्घ दिला. कारण पुढचं वाचून तुला त्याची गरज लागणार आहे.

मला काय काय कळलंय आणि कसं कळलंय ते विचारू नकोस. बहिऱ्या माणसाला बरंच ऐकू येतं.

अरे शब्दांच्या राखणदारा! अर्थ म्हणजे मथितार्थ नाही रे, अर्थ म्हणजे तार! काळी तार! जी बॅटरीच्या काळ्या टोकाकडून निघते आणि गाडीच्या पत्र्याला बोल्टाने आवळलेली असते, तिला जगातला प्रत्येक मेकॅनिक अर्थ म्हणतो. घरातल्या विजेला अर्थिंग असतं ना, त्यातला अर्थ. वेलांटी चुकवणाऱ्या त्या पाटीवाल्याला जाऊन विचार, “अर्थ नीट लागलाय का?” तो पाना घेऊन येईल. तू शब्दकोश घेऊन गेलास. माझं पत्र मोठ्याने दोनदा वाचलंस म्हणे आणि अर्थ लागला! अरे, बॉनेटखाली वाचून दाखवायचं होतंस, गाडीला तरी लाज वाटून ती सुरू झाली असती.

आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला! ‘चोख आहे, हा विषय संपला.’ एका शब्दावर दोघं बहीणभाऊ दोन आठवडे दोन वेगळ्या गावांना जाऊन आलो.

दुसरं. पुनरुक्ती टाळलीस? मी तुला सांगितलं होतं, आवाज जसा आला तसा लिही. एकच टक म्हणजे स्टार्टरचं दुखणं. टक्‌टक्‌टक्‌टक्‌ म्हणजे वीज पोचत नाही, स्टार्टर जागा होतो, मरतो, पुन्हा जागा होतो. तो बिचारा जीव तोडून पुन्हा पुन्हा सांगत होता आणि तू त्याचं म्हणणं काटछाट करून, शुद्ध करून मला पाठवलंस. असं किती लोकांचं बोलणं तू आजवर छाटलंयस, देव जाणे. त्या छाटलेल्या टक्‌टक्‌मुळे एक ठणठणीत स्टार्टर तुमच्या टेबलावर जेवायला बसलाय.

तिसरं, हिरवा रंग. आता नीट वाच, कारण दुखणं इथे आहे. वीज लाल तारेने जाते, स्टार्टर फिरवते, आणि परत यायचं तर इंजिनाच्या लोखंडातून पत्र्यात, पत्र्यातून त्या बोल्टाने काळ्या तारेत, तिथून बॅटरीत. जाण्याइतकंच परत येणं महत्त्वाचं. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. आणि ती वाट तू फाटकाच्या रंगाने बुजवलीस. लोखंडाला लोखंड भिडायला हवं, मध्ये रंगाची साय नको. दिव्यांना थोडकी वीज लागते, ती कशीबशी झिरपते. स्टार्टरला लोंढा लागतो, तो अडतो. डॉक्टरने काळा चिमटा थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला, म्हणजे तुझा हिरवा बोल्ट टाळून वाट काढली, म्हणून सुरू झाली. दात काढणाऱ्याला कळलं. टिंबं काढणाऱ्याला नाही कळलं.

आता काय करायचं. स्टार्टर जागेवर बसव, जसा होता तसा. मग डॉक्टरांची केबल माग. तिचं एक टोक तुझ्याच बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरं इंजिनाच्या त्याच कडीला लाव. दुसरी गाडी नको. वहिनीला किल्ली फिरवायला सांग. सुरू झाली तर माझं बरोबर. मग गाडी बंद करून केबल काढ, बॅटरीची काळी तार सोड, तिचं पत्र्याकडचं टोक उघड, आणि बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घास. हिरवा जाऊन पत्रा नव्या नाण्यासारखा चकाकेपर्यंत. तारेच्या टोकालाही घास, बोल्टालाही. घट्ट आवळ. वरून बोटभर ग्रीस लाव, म्हणजे पुन्हा गंज चढणार नाही आणि तुला रंगवायची उबळ येणार नाही.

याला म्हणतात अर्थ लावणं. घासून लावावा लागतो. नुसता वाचून लागत नाही.

सुरू झाली की नाही ते कळव. नाही झाली तरी कळव. वहिनीला सांग, त्या बाराव्या मजल्यावर जायचं नाहीये तुम्हाला. मला कोणीतरी असं वेळेवर सांगायला हवं होतं.

आक्का

*

३१ मार्च

आक्का,

दार उघड.

तुझ्या लेकीच्या दारात उभा आहे. ती आणि जावई कामावर गेलेत असं समोरच्यांनी सांगितलं. बेल वाजवून वाजवून अंगठा दुखायला लागला. तुझ्या भावजयीने हॉर्न वाजवला, शेजारचे तीन लोक बाहेर आले, तू नाही आलीस. म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. पोस्टमनच्या हाती न जाता तुला पोचणारं हे माझं पहिलं पत्र.

सगळं सांगितलंस तसंच केलं. घासताना हिरवा रंग निघाला, त्याखाली पत्रा चकाकला. आवळलं, ग्रीस लावलं. तुझी भावजय आत बसली. मी बॉनेटपाशी उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या आवाजात काही सुधारावंसं वाटलं नाही. कसा आला ते लिहितो, एक अक्षर न छाटता: घर्र्‌घर्र्‌घर्र्‌भूम्‌र्र्र्र्र्र्र्. असा शब्द कोणत्याही कोशात नाही. मी तो टिपून ठेवला आहे.

चिरंजीव परवा आले. पिशवी खाली ठेवायच्या आत “किल्ली द्या” म्हणाले. स्वतः बसून फिरवली. सुरू झाली. बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू झाली. असं बऱ्याचदा केलं, कुठेतरी नापास होईल या आशेने. शेवटी उतरले आणि म्हणाले, “बॅटरीखाली हा हिरवा रंग कसला?” मी म्हटलं, “फाटकाची पुनरुक्ती.” त्यांना अर्थ लागला नाही. काल तुझ्या भावजयीने त्यांना त्याच गाडीने स्टेशनवर सोडलं. निघताना म्हणाले, “आई, तू फार जोरात चालवतेस.” बस्स, एवढंच. कपाटाचं नाव काढलं नाही.

ही उद्यापासून रोपवाटिकेत जाते. आज मात्र म्हणाली, आधी वन्संकडे. वाटेत मी एकही पाटी वाचली नाही. म्हणजे वाचल्या, पण बोललो नाही.

आता मुद्दा. गाडी बाहेर सुरूच ठेवली आहे. इथवर आलो तरी बंद करायचा धीर होत नाहीये. बंद केली आणि पुन्हा टक झालं तर? तूच सांग काय करू. दार उघड आणि सांग.

तुझा भाऊ

ता. क. तुझ्या लेकीच्या दारावर ‘सुस्वागतम्’ लिहिलंय. ‘स्वागत’मध्ये ‘सु’ आहेच, त्यावर आणखी एक, म्हणजे दोनदा चांगलं. पण राहू दे. असू दे.

*

(त्याच कागदाच्या पाठीमागे, दाराखालून परत आलेलं)

अनुस्वारा,

बेल तुझा अंगठा तुटेपर्यंत वाजवलीस तरी मला काय ऐकू येणार, गाढवा? पायाला कागद लागला म्हणून कळलं.

दार नंतर उघडते. आधी वहिनीला सांग, गाडी बंद कर. सांग म्हणजे सांग. मी चपला घालून मागच्या दाराने येते आणि बॉनेटवर हात ठेवते. मग ती किल्ली फिरवेल. कान गेलेत, तळवा नाही गेला. अर्थ लागलाय की नाही ते मला तिथे कळेल.

आणि मागची सीट रिकामी कर. तुझी टिपणं, कोश, जे काय भरून आणलं असशील ते डिकीत टाक. मला बाजारात जायचंय. भाजी मी स्वतः बघून घेणार आहे.

आक्का